परदेशगमन आणि आगाऊ कर : एका सोयीस्कर समजाचा प्रतिवाद

कोल्हापूर मागे टाकून पंचगंगेचा पूल ओलांडला की महामार्गाच्या कडेने पसरलेल्या शिरोली एमआयडीसीत ज्याचे स्वतःचे लहानसे मशीन शॉप आहे, जो पॅटर्न करून देतो, किंवा जो फौंड्र्यांना डिझाइनचे आणि देखभालीचे काम स्वतंत्रपणे पुरवितो, असा एखादा गृहस्थ जर्मनीस, इंग्लंडास वा दुबईस व्यवसायासाठी निघाला, म्हणजे त्याच्या आयकराविषयी त्याला चहूबाजूंनी जो सल्ला मिळतो, तो ऐकून मला संताप आवरत नाही. सल्ला असा की, ‘तू आता चाललास, तेव्हा आगाऊ कराचे हप्ते बंद कर. इथला धंदा थांबला म्हणजे इथला करही थांबला. जूनचा हप्ता भरला आहेस, तेवढा पुरे. काही निघालेच तर विवरणपत्र भरताना पाहू. टक्काभर व्याज पडेल, त्याचे एवढे काय? आणि फारच धास्ती वाटत असेल तर गेल्या वर्षीइतके भरून मोकळा हो. जास्त गेले तर सरकार परत देतेच.’ हे मत शेजारचा कारखानदार देतो, बँकेतला ओळखीचा माणूस देतो, आणि खेदाची गोष्ट ही, की ज्यांनी ते खोडून काढावयाचे ते काही करसल्लागारही मान हलवून त्यास संमती देतात.

ही माणसे अडाणी नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे मत अधिक घातक आहे. ओतीव भागाच्या छिद्राचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजल्यावाचून जो माल दाराबाहेर जाऊ देत नाही, तोच उद्योजक आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाचे माप मात्र ‘तेवढे पुरे’ या दोन शब्दांवर सोडून देतो. अशा ढिलाईला व्यवहारचातुर्य हे नाव मिळाले आहे. ते नाव तिला शोभत नाही.

आगाऊ कर ही कालपरवा निघालेली जुलमी युक्ती नव्हे. हिंदुस्थानात आयकर प्रथम बसला तो १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी, १८६० साली, जेम्स विल्सन यांच्या अंदाजपत्रकाने. आणि उत्पन्न हाती येत असतानाच त्यावरील कर भरीत जाण्याची पद्धत आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, १९२२ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन. नोकरदाराचा कर त्याचा मालक पगारातून कापतो. स्वतंत्र व्यावसायिकाला मालक नसतो, म्हणून त्याने स्वतःच आपले उत्पन्न अंदाजावे आणि ठरलेल्या मुदतींत कराचा भरणा करावा, एवढीच अपेक्षा १९६१ च्या कायद्याने ठेवली, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यानेही तीच कायम राखली. मुळातून कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये वा अधिक होणार असेल, तर १५ जूनपर्यंत त्यातील १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सर्व रक्कम भरावयाची असते. ही टक्केवारी बेरजेने चढत जाणारी आहे, आणि या एका गोष्टीकडे वरील सल्लागारांचे सर्वस्वी दुर्लक्ष होते. सप्टेंबरात भरावयाचे असते ते त्या दिवशी दिसणाऱ्या वर्षाच्या नव्या अंदाजाचे ४५ टक्के, उणे पूर्वी भरलेली रक्कम. जूनचा अंदाज चुकला असेल, परिस्थिती पालटली असेल, माणूस देश सोडून निघाला असेल, तर तो फरक त्याच हप्त्यात भरून काढण्याची सोय कायद्याने स्वतःच केलेली आहे. पूर्वी असा अंदाज अधिकाऱ्याच्या दप्तरी दाखल करावा लागे. आज स्वतःहून भरणा करणाऱ्याकडे तो कोणी मागत नाही. सरकारने करदात्याच्या शब्दावर एवढा विश्वास टाकलेला असताना, अंदाज न करणे हाच त्याचा अर्थ कसा काय काढला जातो?

‘धंदा थांबला म्हणजे कर थांबला’ हे तर हिशेबाच्या मुळाशीच विसंगत आहे. शिरोलीत जॉबवर्कचे पैसे नव्वद-नव्वद दिवस येत नाहीत, हे कोणास ठाऊक नाही? एप्रिल ते जुलै केलेल्या कामाची बिले ऑगस्टात जाणाऱ्याच्या पश्चात नोव्हेंबरात वसूल होतात. परंतु हिशेब जमाखर्ची पद्धतीचा असेल तर ते उत्पन्न बिल फाडले त्याच दिवशी उत्पन्न झाले. शेड भाड्याने दिली तर भाडे इथेच उगवते. बँकेतील ठेवीचे व्याज इथेच उगवते. भारतात उगम पावणारे उत्पन्न भारतात करपात्र आहे, मग त्याचा धनी शिरोलीत असो वा श्टुटगार्टमध्ये.

याहून मोठा घोटाळा आहे तो वर्षाच्या तुकड्यांचा. अर्धे वर्ष इथले आणि अर्धे तिकडचे, अशी वाटणी इंग्लंडचा कायदा काही अटींवर मान्य करतो. आपला कायदा ती करीत नाही, आणि त्यात काही कठोरपणा आहे हे मी नाकारीत नाही. पण कठोर आहे म्हणून तो नाहीच, असे समजून कसे चालेल? आपल्याकडे निवास ठरतो तो संपूर्ण वर्षाचा, आणि दिवसांच्या गणतीवर. परदेशी काम करण्यासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला जाण्याच्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते, आणि ‘काम’ या शब्दात स्वतंत्र व्यवसायही येतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने दिलेला आहे. आता गणित पाहा. निघण्याचा दिवस धरून, जो २८ सप्टेंबरला जातो त्याचे भारतातील दिवस १८१ भरतात, आणि तो संपूर्ण वर्षासाठी अनिवासी ठरतो. जो २९ सप्टेंबरला जातो त्याचे १८२ भरतात, आणि तो संपूर्ण वर्षासाठी निवासी राहतो. विमानाच्या तिकिटावरील एका तारखेने, मागे गेलेल्या एप्रिल महिन्याचा आणि पुढे यावयाच्या मार्च महिन्याचा करधर्म एकदमच पालटतो.

या पालटाचा परिणाम काय होतो, तो या ‘हप्ते बंद कर’ म्हणणाऱ्यांनी कधी कागदावर मांडून पाहिला आहे काय? जो ऑक्टोबरात निघाला आणि निवासीच राहिला, त्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात जर्मनीत मिळविलेले उत्पन्नसुद्धा त्या वर्षी भारतात दाखवावे लागते. तिकडे भरलेल्या कराची वजावट दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मिळते. परंतु उत्पन्न इथल्या हिशेबात येते ते येतेच. म्हणजे त्याचा अंदाज कमी होण्याऐवजी डिसेंबरच्या हप्त्यास वाढण्याचाच संभव अधिक. ज्याला हप्ता वाढवावा लागणार, त्यालाच हप्ता बंद करण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याची फसगत करणे होय, मग सल्ला देणाऱ्याचा हेतू कितीही सद्भावनेचा असो.

उलट जो ऑगस्टातच निघाला आणि अनिवासी झाला, त्याचे परदेशी उत्पन्न सुटते हे खरे. परंतु निवासी माणसाच्या ज्या सवलती त्याने गृहीत धरलेल्या असतात, त्याही त्याच्या हातून सुटतात. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर जी सूट देऊन शून्य केला जातो, ती सूट फक्त निवासी व्यक्तीस आहे. तेच १२ लाख अनिवासी माणसाचे असले, तर ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढील ४ लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढील ४ लाखांवर १० टक्के मिळून ६०,००० रुपये, आणि ४ टक्के उपकरासह ६२,४०० रुपये कर होतो. जून महिन्यात ज्याचा अंदाज प्रामाणिकपणे शून्य होता, त्याचा सप्टेंबरात तो असा होतो, आणि उत्पन्न तर एका रुपयानेही वाढलेले नसते.

लहान जॉबवर्कवाल्याची गोष्ट तर याहून बिकट आहे. वर्षाच्या उलाढालीच्या ६ वा ८ टक्के नफा धरून जो गृहीत उत्पन्नावर कर भरतो, त्याला आगाऊ कराचे चार हप्ते नाहीत. १५ मार्चला एकदाच भरणा केला की झाले. या सवयीमुळेच शिरोलीत ‘मार्चमध्ये बघू’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. परंतु गृहीत उत्पन्नाची ही योजनाच निवासी माणसासाठी आहे. जो अनिवासी झाला तो तिच्याबाहेर गेला. आणि निवास संपूर्ण वर्षाचा असल्याने, ज्या जूनमध्ये तो शिरोलीतच होता त्या जूनचा हप्ताही त्याच्यावर मागाहून येऊन बसतो. हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात त्या वेगळ्याच. तसेच साठी उलटलेल्या ज्या निवासी गृहस्थाला धंद्याचे उत्पन्न नाही, त्याला आगाऊ कर माफ आहे; तो मुलाकडे परदेशी राहावयास गेला, अनिवासी झाला, आणि शेडचे भाडे चालू राहिले, तर ती माफी संपली. कोणत्या नातेवाइकाने हे त्याला विमानतळावर पोचविण्यापूर्वी सांगितले?

दुबईला जाणाऱ्यांचा एक खास समज आहे, की तिकडे व्यक्तीच्या मिळकतीवर आयकर नाही म्हणजे आपण सर्वच बाजूंनी मोकळे. भारतातील उत्पन्न १५ लाखांवर असलेला जो भारतीय नागरिक दुसऱ्या कोणत्याही देशात निवासाच्या कारणाने करपात्र नसेल, त्याला २०२०–२१ या वर्षापासून आपला कायदा निवासी मानतो. परदेशात उभारलेल्या आणि परदेशातूनच चालणाऱ्या धंद्याचे उत्पन्न त्यात येत नाही. परंतु शिरोलीतून ज्याचे नियंत्रण होते, अशा धंद्याचे परदेशी उत्पन्न येते. भावाला मुखत्यारपत्र देऊन, रोजचे निर्णय इथून होत राहिले आणि बिले मात्र दुबईतून निघाली, तर त्याचा विचार अंदाजात करावयास नको काय?

आता यंत्रे विकण्याविषयी. जाण्यापूर्वी माणूस लेथ विकतो, सीएनसी विकतो, आणि विकताना हळहळतो, की २० लाखांचे यंत्र ९ लाखांना द्यावे लागले, ११ लाख बुडाले. या हळहळीतून तो अनुमान काढतो, की तोटा झाला म्हणजे कर नाही. पण दरवर्षी १५ टक्के घसारा घेऊन त्याने त्या यंत्राची किंमत वहीत आठ वर्षांत सुमारे ५ लाख ४५ हजारांवर आणलेली असते, आणि त्या घसाऱ्याने दरवर्षी आपला करही कमी केलेला असतो. सारी यंत्रे विकली गेली, त्या गटात काही शिल्लक उरले नाही, तर विक्रीची किंमत आणि वहीतील किंमत यांतील ३ लाख ५५ हजारांचा फरक हा अल्पकालीन भांडवली नफा ठरतो आणि उत्पन्नात मिळतो. कायदा येथे न्यायाने वागतो: असा नफा आधी अंदाजता येत नाही हे जाणून, त्यावरचा कर राहिलेल्या हप्त्यांत, आणि हप्ते संपले असल्यास ३१ मार्चपर्यंत भरला, तर मागील हप्त्यांच्या तुटीचे व्याज लावीत नाही. पण ज्याने हप्तेच बंद केले, त्याला या सवलतीचा काय उपयोग? शिवाय शेड यंत्रांसकट, दोन्ही वेगळी करता येणार नाहीत अशा रीतीने भाड्याने दिली, तर घरभाड्यावर मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळत नाही. आणि एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याचा असल्यामुळे तो पोटभाड्याने देताना महामंडळाची परवानगी व शुल्क हे वेगळेच प्रकरण. हे सारे आकडे भाडेपट्टा लिहिण्याच्या दिवशीच अंदाजात यावयास हवेत.

भाडेकरूने अनिवासी मालकास भाडे देताना ३० टक्के व त्यावरील उपकर कापून घ्यावयाचा असतो. त्याने तो कापला, तर मालकाचा आगाऊ कर बहुधा उरतच नाही, आणि कापणी फार होत असेल तर कमी दराच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. परंतु शिरोलीतला भाडेकरू जुन्या ओळखीने जुन्याच खात्यात पूर्ण भाडे भरीत राहतो, आणि मालक समजतो की कापण्याची जबाबदारी त्याची होती, माझी नव्हे. कायद्याने हा आडोसाही काढून घेतला आहे: कर कापल्यावाचून रक्कम हाती आली असेल, तर कापावयास हवा होता असे म्हणून ती रक्कम आगाऊ करातून वजा धरता येत नाही.

‘टक्काभर व्याज’ हे सर्वात लाडके वाक्य. ते दरमहाच्या टक्क्याविषयी आहे, हे म्हणणाराच विसरतो. समजा, एखाद्याचा वर्षाचा कर ४ लाख झाला, जूनमध्ये त्याने ६०,००० भरले, पुढचे तीनही हप्ते सोडले, आणि राहिलेले ३ लाख ४० हजार पुढील जुलैत भरले. सप्टेंबरच्या १ लाख २० हजारांच्या तुटीवर तीन महिन्यांचे ३,६००, डिसेंबरच्या २ लाख ४० हजारांच्या तुटीवर ७,२००, मार्चच्या तुटीवर ३,४००; आणि ९० टक्क्यांहून कमी भरणा झाल्याबद्दल एप्रिल ते जुलैचे आणखी १३,६००. एकूण २७,८०० रुपये. थकविलेल्या रकमेच्या आठ टक्क्यांहून हे अधिक आहे, ते धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, आणि विवरणपत्र लांबले तर दरमहा वाढतच जाते.

‘जास्त भरून मोकळे व्हा, सरकार परत देते’ या सूचनेला थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. परताव्यावर सरकार महिना अर्धा टक्का देते, तेही वर्ष संपल्यावर एप्रिलपासून. आणि परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर काहीच देत नाही. मिळालेले व्याज पुन्हा करपात्र. नव्या देशात घर थाटणाऱ्याला जे पैसे पहिल्या सहा महिन्यांत हवे असतात, ते त्याने स्वतःच्या आळसापायी इथे अडकवून का ठेवावेत?

राहिला तो ‘सरकार कुठे शोधत बसते’ हा युक्तिवाद, जो मोठ्याने कोणी करीत नाही. नवे उत्पन्न दाखविणारी वार्षिक माहिती बँका, कंपन्या आणि निबंधक यांच्याकडून आज करदात्याच्या खात्यात आपोआप जमा होते. पूर्वी आकारणी झालेल्या माणसाला, मागील उत्पन्नावरून इतका आगाऊ कर भर, असा आदेश अधिकारी फेब्रुवारीअखेरपर्यंत काढू शकतो. उत्पन्न खरोखरच घटले असेल तर स्वतःचा कमी अंदाज कळवून कमी भरण्याचा हक्क त्या माणसास आहे, पण आदेश शिरोलीच्या बंद शेडच्या पत्त्यावर पडून राहिला तर तो हक्क कोण बजावणार? जो परतण्याच्या इराद्यावाचून देश सोडीत आहे असे अधिकाऱ्यास वाटते, त्याच्या निघण्याच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाची आकारणी त्याच वर्षी करण्याचाही अधिकार कायद्यात आहे. पण मला या भीतीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या महामार्गावरून, ज्या पाण्यावर, ज्या विजेवर या माणसाचा धंदा उभा राहिला, तो सार्वजनिक खर्चाने उभा आहे. अर्ध्या वर्षाचे उत्पन्न त्यातूनच आले. त्याचा वाटा न देता निघून जाण्याला हुशारी म्हणणारा समाज, मागे राहून नियमाने हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याचा उघड अपमान करतो.

आणि जिथे हा माणूस जातो, तिथे तरी हप्ते सुटतात काय? जर्मनीत स्वतंत्र व्यावसायिकास १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर व १० डिसेंबर या तारखांना आगाऊ भरणा करावा लागतो, आणि उत्पन्न घटले तर हप्ता कमी करण्यासाठी अर्ज करावा लागतो. इंग्लंडात ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. अमेरिकेत वर्षातून चार वेळा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढील जानेवारी. तिथल्या कार्यालयाचे पत्र येताच जो आज्ञाधारकपणे अंदाज करावयास बसतो, त्यालाच इथला अंदाज करणे जाच का वाटावे?

म्हणून माझा आग्रह असा आहे, आणि तो मी शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनपुढे, कोल्हापुरातील सनदी लेखापालांपुढे आणि प्रत्येक जाणाऱ्या उद्योजकाच्या घरच्यांपुढे सारख्याच जोराने मांडतो. निघण्याची तारीख, त्या तारखेने ठरणारा निवास, न आलेली बिले, विकलेली यंत्रे, भाड्याचा करार आणि परदेशात अपेक्षित मिळकत या सहा गोष्टी फक्त जाणाऱ्यालाच ठाऊक असतात. कोणताही सल्लागार त्या अंतर्ज्ञानाने ओळखू शकत नाही. जाण्याच्या दिवशी परकीय चलनाचा कायदा त्याला अनिवासी मानू लागतो आणि त्याच दिवशी आयकराचा कायदा त्याला कदाचित निवासीच मानतो, म्हणून बँकेचे खाते अनिवासी करण्याचे काम आणि कराचा अंदाज बदलण्याचे काम ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले झाले म्हणून दुसरे होत नाही. आयकराच्या संकेतस्थळावर परदेशातील दूरध्वनी क्रमांक नोंदल्यावाचून इथला क्रमांक बंद करू नये, कारण मग भरणा करावयाची इच्छा असूनही सांकेतिक अंक त्याच्यापर्यंत पोचणार नाही. जून महिन्याची चलनाची पावती समोर ठेवून, वर्षाचा नवा आकडा काढून, सप्टेंबरचा वा डिसेंबरचा हप्ता त्याप्रमाणे कमी किंवा जास्त ठरविल्यावाचून कोणी शिरोलीतील शेडला कुलूप लावू नये. आणि ज्या सल्लागाराला हा आकडा काढण्याचा कंटाळा आहे, त्याने त्या माणसाचे काम हाती घेऊ नये.